भिंतीपलीकडचा खर्ज

दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये, म्हणजे आमच्या जेएलटीत, शेजारच्या फ्लॅटमधलं गाणं भिंतीतून आपल्याकडे येत नाही, त्याचा फक्त बेस येतो. गायकाचा आवाज, व्हायोलिनं, कीबोर्ड, सगळं भिंतीत अडकतं आणि तळाचा घुमारा तेवढा आरपार येतो. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे 41 कंपनं होतात आणि त्या लहरीची हवेतली लांबी आठ मीटरच्या वर भरते. एवढ्या लांब लहरीला आमच्या टॉवरच्या भिंती अडवू शकत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी सातच्या सुमारास माझ्या बैठकीच्या खोलीच्या भिंतीपलीकडे कुणीतरी बेस गिटारचा रियाज करायला लागलं. एकच ओळ, पुन्हा पुन्हा. ठरावीक जागी बोट अडखळायचं, क्षणभर शांतता, की परत पहिल्यापासून. चौथ्या की पाचव्या दिवशी भाजी चिरता चिरता माझा हात थांबला. ‘नीले नीले अंबर पर’! शब्द नाहीत, गिटार नाही, किशोरकुमार नाही, आणि तरी गाणं उभं राहिलं. आणखी दोन दिवस ऐकल्यावर लक्षात आलं की ही ओळ हिंदी गाण्यातली नव्हे. ज्या तमिळ गाण्यावरून ती चाल 1983 साली ‘कलाकार’ चित्रपटात आली, त्या इळैयराजांच्या ‘इळय निला’ची ती आहे.

हा लेख लिहायला तेवढं निमित्त पुरलं. एरवीही मंडळाच्या गणपतीत, खाली तळ्याकाठी फिरताना, शाळेच्या बसथांब्यावर मला आयाबाप विचारतात, ‘मुलगा बेस गिटार मागतोय, साधी का नको त्याला?’ किंवा, ‘लेकीला बेस शिकायचाय, पण ऐकायचं कुणाला ते तिलाही ठाऊक नाही.’ या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी द्यायला हवं. वाद्य विकत घेण्याआधी कान तयार व्हावा लागतो, आणि बेससाठी कान तयार करण्याचा माझ्या माहितीतला सर्वांत चांगला मार्ग म्हणजे वाजवणाऱ्यांची नावं माहीत करून घेणं. नाव कळलं की आपण गाण्यात त्या माणसाला शोधायला लागतो, आणि शोधायला लागलो की तो ऐकू येतो.

हा आवाज आपल्या ओळखीचाच आहे

मी मिरजेची. आमच्याकडे बेस गिटार नव्हती, पण सतारमेकरांच्या दुकानांवरून शाळेत जायचा रस्ता होता, आणि तानपुरा जुळवला जात असताना दाराशी उभं राहायची मला सवय होती. पंचमाची तार, मग जोडाच्या दोन, आणि शेवटी ती जाड, सैलसर, पितळेची. खर्जाची तार. कारागीर ती छेडून तोंड भोपळ्याजवळ न्यायचा आणि डोळे मिटायचा. खर्ज लागला की बाकीच्या तीन तारा जणू त्याच्या अंगावर रेलायच्या. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला पहिल्यांदा ती तार आठवली.

बेस गिटारचं अर्धं काम म्हणजे हा खर्ज. गाणं कुठल्या सुरावर उभं आहे ते सांगत राहायचं.

उरलेलं अर्धं काम डग्ग्याचं. तीनतालाचा ठेका तोंडाने म्हणून बघा. पहिल्या आठ मात्रा ‘धा धिं धिं धा, धा धिं धिं धा’ अशा भरलेल्या जातात. खाली येते आणि ‘धिं’चा ‘तिं’ होतो. डग्गा गप्प झाला, जमीन गेली. चौदाव्या मात्रेला ‘धिं’ परत येतो आणि समेची चाहूल लागते. ज्याने भजनात, कीर्तनात, लावणीच्या ढोलकीत हे हजारदा ऐकलंय त्याला बेस म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. तळाचा आवाज आला की काय होतं आणि गेला की काय होतं, हे त्याच्या अंगात आधीपासून आहे. बेस गिटारवाला ही दोन्ही कामं एकाच हाताने करतो, सूर आणि ठेका. म्हणून ज्या बँडमध्ये तो चुकतो तिथे गायक आणि ड्रमर दोघेही पोरके होतात.

वाद्य जुळवण्याची रीतही आपल्या भाषेत नीट सांगता येते. जाड तारेला सा धरलं तर तिच्या शेजारची तार तिच्या मध्यमावर लागते, तिसरी तार दुसरीच्या मध्यमावर, चौथी तिसरीच्या. हाताखाली पडदे सतारीसारखेच, फक्त गिटारीचे घट्ट बसवलेले. पोराला एवढं सांगितलं तर पहिला धडा घरीच झाला.

ऐकायचं कसं

मोबाइलच्या स्पीकरवर बेस ऐकू नका. एवढ्याशा पडद्यातून तळाचे स्वर बाहेर पडतच नाहीत. आपला मेंदू वरच्या स्वरांवरून त्यांचा अंदाज बांधतो आणि आपल्याला वाटतं की ऐकलं. कान पूर्ण झाकणारे बऱ्यापैकी हेडफोन घ्या. बेस वाढवणारी बटणं मात्र बंद ठेवा, त्याने नुसता धुरळा उठतो आणि बोट कुठे पडलं ते कळेनासं होतं.

गाणं एकच घ्या. पहिल्यांदा नेहमीसारखं ऐका. दुसऱ्यांदा फक्त ड्रमच्या पायाकडे, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमकडे लक्ष द्या. बेस त्याच्या गळ्यात गळा घालून चाललेला असतो, त्यामुळे तो चटकन सापडतो. तिसऱ्यांदा तो बेस गुणगुणा. गायकाची चाल नको, तळाची. सुरुवातीला तोंड आपोआप गायकाकडे ओढलं जातं. मी डीएमसीसी मेट्रो स्टेशनवरून ऑफिसला जाताना रोज एका गाण्यावर हे केलं, आणि महिनाभराने गाणी वेगळीच ऐकू यायला लागली. ज्या गाण्यांवर पस्तीस वर्षं प्रेम केलं त्यांच्या तळाशी कुणीतरी इतकी वर्षं काम करत होतं आणि मी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं, याची मला खरोखर खंत वाटली.

घरापासून सुरुवात

म्हणून पहिलं नाव परदेशातलं घेऊ नका. राहुलदेव बर्मन, म्हणजे पंचमदा, यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवायचे टोनी वाझ. सत्तरच्या दशकातली पंचमदांची गाणी हेडफोन लावून तळाकडून ऐका. केरसी लॉर्ड, भूपिंदर सिंग यांची नावं निदान जाणकारांच्या तोंडी तरी येतात. टोनी वाझ हे नाव मी कित्येक पंचमप्रेमींना सांगितलं आणि त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. मुंबईच्या चित्रपटसंगीताचा पाश्चात्त्य वाद्यांचा भार गोव्याच्या वादकांनी कित्येक दशकं उचलला. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड हे त्यातले ठळक. तबकडीच्या वेष्टनावर संगीतकार, गीतकार, गायक यांची नावं असायची, वादकाचं नसायचं. आपल्या घरात ज्यांचं वाजवणं रोज ऐकू आलं त्यांची नावं मुलांना सांगणं हे मी शिक्षणाचाच भाग मानते.

दुसरं नाव चरणजित सिंग. मुंबईच्या स्टुडिओंमधले वादक. गिटार, बेस, ट्रान्झिकॉर्ड, सगळीकडे त्यांचा हात चालायचा. 1982 साली त्यांनी ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ नावाची तबकडी काढली. तिच्यासाठी वापरलेल्या यंत्रांत रोलँड कंपनीचं टीबी-303 होतं. बेस गिटारवादक हाताशी नसलेल्या माणसाला सोबत म्हणून काढलेलं हे यंत्र. कंपनीच्या अपेक्षेप्रमाणे ते चाललं नाही. चरणजित सिंगांनी मात्र त्याच्यावर भैरव, ललत, तोडी असे राग बसवले. पुढे काही वर्षांनी शिकागोमध्ये त्याच यंत्रातून ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचं नाचाचं संगीत जन्मलं, आणि 2010 साली ही मुंबईची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक थक्क झाले. 2015 साली ते गेले. नाचाच्या संगीताची आवड असलेल्या तुमच्या मुलांना हे जरूर ऐकवा. त्यांना वाटतं तेवढं ते संगीत आपल्यापासून दूर नाही.

मद्रासकडे वळलं की इळैयराजा आणि त्यांचे बेसवादक शशिधरन. इळैयराजा बेसची ओळ स्वतः स्वरलिपीत लिहून देतात. त्यांच्या गाण्यात बेस गायकाच्या मागे उभा राहत नाही, त्याच्याशी बोलतो. ‘इळय निला’ तळाकडून ऐकाल तेव्हा कळेल की भिंतीपलीकडून ते नुसत्या बेसवर कसं ओळखता आलं. जेएलटीत आपले शेजारी तमिळ आणि मल्याळी आहेत. त्यांना विचारा, तुमच्या आवडीची इळैयराजांची पाच गाणी सांगा. एक संध्याकाळ सत्कारणी लागेल. रहमान यांच्याकडे हीच जागा कीथ पीटर्स यांनी वर्षानुवर्षं सांभाळली.

आणि मग मोहिनी डे. 1996 साली मुंबईत जन्मलेली. वडील सुजॉय डे स्वतः स्टुडिओतले बेसवादक, त्यांनीच तिला लहानपणी शिकवायला घेतलं. रणजित बारोट यांनी तिला शाळकरी वयात मंचावर आणलं, आणि 2013 साली रहमान यांच्या कोक स्टुडिओत ती दिसली तेव्हा ती विशीतही नव्हती. तिला ऐकताना एक गोष्ट बघा, ऐका आणि पुन्हा बघा. ती दक्षिणी तालाचे बोल तोंडाने म्हणत जाते आणि तेच बोल त्याच क्षणी तारांवर उमटतात. तबला शिकणाऱ्या मुलांना हे तत्काळ कळतं. आधी बोल, मग बोट. 2023 साली तिची स्वतःच्या नावाची पहिली ध्वनिफीत आली. मुलीला बेस हवा असेल आणि घरात कुणी ‘हे काय मुलींचं वाद्य’ म्हणत असेल तर त्यांच्यासमोर मोहिनीचा एखादा व्हिडिओ लावा, वाद घालत बसू नका.

बँडवाल्यांत मुंबईच्या पेंटाग्रामचा पापल माने मला जवळचा वाटतो. 1994 साली सुरू झालेला हा बँड, गायक विशाल ददलानी. 2005 साली ते इंग्लंडमध्ये ग्लास्टनबरीच्या महोत्सवात वाजवून आले. एकच गिटार असलेल्या बँडमध्ये बेसला किती जागा भरावी लागते ते त्यांच्याकडे ऐकावं. दिल्लीच्या इंडियन ओशनचे राहुल राम तर बेस वाजवता वाजवता गातात. कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणातील विषद्रव्यांवर पीएच. डी. करून आलेला हा माणूस नर्मदा बचाव आंदोलनात गेला. आपल्या नंदुरबारचे अक्कलकुवा आणि धडगाव तालुके ज्या खोऱ्यात येतात, त्याच खोऱ्यातलं नदीचं गाणं त्यांनी बँडमध्ये आणलं. 2000 सालच्या ‘कंदिसा’ या ध्वनिफितीतलं ‘मा रेवा’ ते हेच. त्यात बेस नदीसारखा वाहतो असं मी म्हणणार नाही. तो होडी वल्हवल्यासारखा चालतो, एक जोर आणि मग एक सोडलेली जागा.

डेट्रॉइटच्या तळघरातला माणूस

आता एक नाव असं, की ज्याच्याशिवाय पुढचं कुठलंच नाव नीट कळत नाही. जेम्स जेमर्सन. जन्म 1936, साउथ कॅरोलायनातला, पुढे डेट्रॉइटला आलेला. मोटाउन कंपनीच्या घरवजा इमारतीतल्या छोट्या स्टुडिओत साठच्या दशकात जी गाणी ध्वनिमुद्रित झाली त्यांच्यातल्या कित्येकांच्या तळाशी हा माणूस आहे. टेम्प्टेशन्सचं ‘माय गर्ल’ लावा. पहिले काही क्षण फक्त बेस आहे, हृदयाच्या ठोक्यासारखा. गिटार नंतर येते. मग स्टीव्ही वंडरचं ‘फॉर वन्स इन माय लाइफ’ लावा आणि बघा, तोच माणूस आता एका जागी थांबायलाच तयार नाही, तरीही गायकाच्या पायात कधी येत नाही.

तो उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा, तर्जनी. त्या बोटाला ‘हूक’ म्हणायचे. वाद्य 1962 सालचं फेंडर प्रिसिजन, तारा सपाट गुंडाळीच्या, आणि त्या तुटल्याशिवाय तो बदलायचा नाही. जुन्या तारांचा आवाज दबका होतो, चमक जाते आणि बुंधा उरतो. त्याला तोच हवा होता. तो मुळात दोन्ही हातांनी कवटाळून वाजवायच्या उभ्या डबल बेसवर जॅझ शिकलेला, म्हणून त्याच्या ओळीत सरळ सा-प-सा कमी आणि मधल्या स्वरांवरून जाण्याची ओढ जास्त. आपल्या भाषेत सांगायचं तर तो ठेका धरूनही विस्तार करतो.

1971 साली मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या ध्वनिफितीच्या वेष्टनावर त्याचं नाव छापलं गेलं. त्याआधीची सगळी वर्षं मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांची नावं नसायची. टोनी वाझ आणि जेम्स जेमर्सन एकमेकांना कधी भेटले नसतील, पण वेष्टनावरची ही मोकळी जागा दोघांचीही होती. 1983 साली मोटाउनचा पंचविशीचा मोठा सोहळा झाला, तेव्हा जेमर्सनला तिकीट काढून प्रेक्षकांत बसावं लागलं. त्याच वर्षी तो गेला. 1989 साली त्याच्यावर ‘स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाउन’ हे पुस्तक आलं, 2002 साली त्याच नावाचा माहितीपट, आणि तेव्हा कुठे सामान्य श्रोत्याला हे नाव कळलं. तो माहितीपट घरात सगळ्यांनी मिळून बघावा असा आहे.

बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने जेमर्सनकडून शिकल्याचं स्वतः सांगितलंय. मॅकार्टनी डावखुरा. व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर त्याला सोयीची, कारण ती दोन्हीकडून सारखीच दिसते, उलटी धरली तरी विचित्र वाटत नाही. ती वाद्यं हलकी असतात, हे लहान मुलांच्या पालकांनी लक्षात ठेवावं. त्याची ‘समथिंग’मधली ओळ ऐकताना वाटतं की गाण्याला दुसरी चाल आहे आणि ती खाली लपवून ठेवलीय. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत त्याच काळात कॅरल के ही बाई बोटांऐवजी पिक वापरून हजारो ध्वनिमुद्रणं करत होती. ‘गुड व्हायब्रेशन्स’ ज्या अनेक सत्रांतून घडलं त्यांत ती होती. ज्यांना वाटतं की पिकने बेस वाजवणं म्हणजे लबाडी, त्यांनी तिला ऐकावं.

अंगठा, खाली जागा आणि नसलेले पडदे

लॅरी ग्रॅहम आईबरोबर गाणं-वाजवणं करायचा. आई पियानोवर, हा गिटारवर आणि पायाने ऑर्गनचे खालचे स्वर. ऑर्गन बिघडला म्हणून त्याने बेस गिटार भाड्याने आणली. ड्रमर तर नव्हताच. मग मोठ्या ड्रमच्या जागी तो अंगठ्याने तार ठोकायला लागला आणि छोट्या ड्रमच्या जागी दुसऱ्या बोटाने तार ओढून सोडायला लागला. आज ज्याला स्लॅप म्हणतात ती पद्धत अशा अडचणीतून आली. आमच्याकडच्या मुलांना ही पद्धत आधी शिकायची घाई असते. त्यांना थांबवा, आणि ग्रॅहमची ही गोष्ट सांगा. त्याच्याकडे ड्रमर नव्हता म्हणून त्याने अंगठा वापरला. तुमच्या बँडमध्ये ड्रमर असेल तर त्याला वाजवू द्या.

जमैकाच्या अ‍ॅस्टन बॅरेटला, बॉब मार्लीच्या बेसवाल्याला, सगळे ‘फॅमिली मॅन’ म्हणायचे. 2024 साली तो वारला. रेगेमध्ये पहिल्या मात्रेवर ड्रम बहुधा मोकळा असतो, जोर पुढे पडतो. ज्याला ‘खाली’ कळते त्याला रेगे कळायला वेळ लागत नाही. ‘कुड यू बी लव्ह्ड’ ऐका आणि बॅरेट कुठे वाजवत नाही ते मोजा.

पॉल सायमनच्या 1986 सालच्या ‘ग्रेसलँड’मध्ये सोवेटोचा बकिथी कुमालो आहे. ‘यू कॅन कॉल मी अल’मधला त्याचा तो गाजलेला बेसचा तुकडा अर्धा त्याने वाजवलेला आणि अर्धा तोच टेप उलटा फिरवून जोडलेला. मुलांना हे सांगितलं की ती तो पाच-सहा वेळा तरी लावतातच. ‘शिक’ या बँडच्या बर्नार्ड एडवर्ड्सची 1979 सालची ‘गुड टाइम्स’ची ओळ पाश्चात्त्य नाचाच्या गाण्यांत इतकी फिरली की तुम्ही ती नक्की ऐकलेली आहे. क्वीनच्या जॉन डिकनने 1980 साली केलेलं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ तिच्याच शेजारचं. क्वीनचं नाव निघालंच आहे, तर फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पियानो शिकला, हे सातारकरांनी अभिमानाने सांगावं. पण गाण्याचा तो बेस शांत, मागे उभ्या राहणाऱ्या डिकनचा, हेही सोबत सांगावं.

मेटल ऐकणाऱ्यांसाठी आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस. बोटांनी, पिकशिवाय, घोडा चौखूर उधळावा तसा वाजवतो. 2007 साली ते दुबईच्या डेझर्ट रॉक महोत्सवात आले होते, आणि 2008 साली मुंबईतून त्यांनी जगाच्या दौऱ्याला सुरुवात केली. आपल्यातल्या कित्येकांनी त्यातला एखादा कार्यक्रम बघितलाय. आता तो तळाकडून आठवून बघा.

आणि जाको पास्टोरियस. त्याच्याबद्दल लिहिताना हात जरा थांबतो. 1951 सालचा. त्याच्या फेंडर जॅझ बेसवरचे पडदे काढलेले होते, खाचा भरून वर होडीला लावतात तसलं इपॉक्सी चढवलेलं. पडदे गेले आणि तारेवर मींड आली. सरोद ऐकलेल्या कानाला जाकोचा आवाज परका वाटत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधला रस्ता ऐकू येतो, आणि स्वर लागतो तोही किंचित थरथरत. 1976 सालच्या त्याच्या पहिल्या ध्वनिफितीत ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’ आहे. एकट्या बेस गिटारवरचं. तार पूर्ण दाबायची नाही, ठरावीक जागी नुसता स्पर्श करायचा की घंटेसारखा वरचा स्वर निघतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो ना, तोच हा प्रकार. जाकोने ते लपलेले स्वर बोटाने एकेक बाहेर काढले. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला मिरजेचं ते दार आठवलं. 1986 साली त्याचं ते वाद्य चोरीला गेलं, आणि 1987 साली एका क्लबच्या दाराशी झालेल्या मारहाणीनंतर तो गेला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी.

जॅझमध्ये आणखी आत जायचं असेल तर चार्ल्स मिंगस, रॉन कार्टर, आणि आजच्यांत एस्पेरान्झा स्पॉल्डिंग. ती उभा बेस वाजवत गाते. हे तिघे मोठे, पण घाई नको. आधी वरची नावं पोटात जाऊ द्या. एक जोडी मात्र आपल्या माणसांसाठी म्हणून वेगळी सांगते. एडगर मायर यांचा डबल बेस आणि माहीमच्या झाकीर हुसेन यांचा तबला. 2009 सालचं ‘द मेलडी ऑफ रिदम’ आणि 2023 सालचं ‘अ‍ॅज वी स्पीक’, दोन्हींत बेला फ्लेकचा बँजो सोबत आहे, दुसऱ्यात राकेश चौरसियांची बासरीही. मायर गजाने एक लांब खर्ज धरतात आणि झाकीरभाई डग्ग्यावर मनगट सरकवून त्याच स्वराकडे येतात. कुठला आवाज कातड्याचा आणि कुठला तारेचा, क्षणभर कळत नाही.

वाद्य घ्यायचंच ठरलं तर

पहिलं वाद्य चार तारांचं घ्या. पाच-सहा तारांचा हट्ट दोन वर्षांनी पुरवा. नेहमीच्या बेसची तार घोडीपासून वरच्या टोकापर्यंत 34 इंच भरते. दहा-बारा वर्षांच्या मुलाचा हात तिथे पोचत नाही, तो मनगट वाकडं करतो आणि दुखणं सुरू होतं. त्याच्यासाठी 30 इंचांचा, आखूड दांडीचा बेस मिळतो. दुकानात उभं राहून नाही, बसून, पट्टा लावून वाजवायला सांगा, आणि पहिल्या पडद्यावर करंगळीपर्यंतची बोटं सुटी पडतात का बघा.

इथल्या हवेचं भान ठेवा. उन्हाळ्यात बंद गाडीत वाद्य ठेवून लूलूच्या दुकानात भाजी आणायला जाऊ नका. अर्ध्या तासात दांडी वाकायला तेवढी उष्णता पुरते. घरात एसीच्या झोताखाली भिंतीवर टांगू नका. बाहेर दमट, आत कोरडं, यात लाकूड हलतं आणि तारा पडद्यांवर कुरकुरायला लागतात. दांडीच्या आत एक लोखंडी सळई असते, तिने बाक काढता येतो. पण ते पहिल्यांदा जाणत्या माणसाकडून करून घ्या. मी स्वतः एकदा तो पेच जोरात फिरवला आणि दुरुस्तीला चांगलेच दिरहम मोजले.

मोठा अ‍ॅम्प्लिफायर घेऊ नका. बेसमध्येच खोचायचा, काडेपेटीपेक्षा जरा मोठा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर मिळतो, तो आपल्या टॉवरांसाठी पुरेसा आहे. फोनमधलं गाणं त्यातच जोडता येतं, म्हणजे मूल जेमर्सनबरोबर वाजवू शकतं. पण एक करा. आठवड्यातून एकदा, संध्याकाळच्या वेळी, शेजाऱ्यांना विचारून, स्पीकरवर वाजवू द्या. बेस अंगाला जाणवावा लागतो. नुसत्या हेडफोनवर शिकलेली मुलं मंचावर गेली की स्वतःच्याच आवाजाला बिचकतात.

भिंतीपलीकडचा रियाज फेब्रुवारीत अचानक थांबला. दोन आठवड्यांनी लिफ्टमध्ये एक मुलगी भेटली, पाठीवर तिच्याहून उंच काळी पिशवी, अकरावी-बारावीची असावी. मी मजला विचारला, तिने सांगितला, आणि लगेच म्हणाली, ‘आंटी, सॉरी, आता हेडफोन घेतलाय.’ मी म्हटलं, ‘इळय निला ना? तिसऱ्या फेरीला जे अडायचं, ते सुटलं का?’ ती बघतच राहिली. मग म्हणाली, ‘सुटलं. पण वर चढताना अजून घाई होते.’ मी तिला ‘माय गर्ल’ ऐकायला सांगितलं आणि रविवारी सकाळी अकराला हेडफोन काढून वाजवायला सांगितलं. माझ्या बाजूने हरकत नाही, आणि वरच्यांना मी विचारते म्हटलं.